कलेक्टरसाहेबाने हिरा शोधला म्हणे!

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, पण नुसता अंगठा देऊन पुढे जाऊ नका.

शिल्पकार नानासाहेब करमरकरांचं नाव निघालं की आपल्या अलिबाग तालुक्यात एकच गोष्ट सांगतात. शाळेच्या गॅदरिंगला सांगतात, सत्काराच्या भाषणात सांगतात, दिवाळी अंकात छापतात. सासवण्याच्या एका पोराने गावच्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं. कुलाब्याचे इंग्रज कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड फिरतीवर आले होते, त्यांनी ते पाहिलं. चकित झाले, पोराला बोलावून घेतलं, मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये शिकायला जायची व्यवस्था केली, आणि पुढे त्याचा मोठा शिल्पकार झाला. टाळ्या. मग अध्यक्षांचं भाषण, मग चहा.

गोष्ट खोटी नाही. पण ज्या पद्धतीने ती सांगितली जाते, त्याने माझं डोकं फिरतं. या गोष्टीत पोरगं म्हणजे रस्त्यावर पडलेला हिरा, आणि तो उचलणारा साहेब म्हणजे हिरो. हिरा घडला कुठे, कोणाच्या हाताखाली, कोणत्या मातीत, ते सांगायला कोणाला सवड नसते. आणि गोष्ट अशी सांगितली की एक मोठी सोय होते. आज तसं कोणी घडत नसेल तर आपली जबाबदारी काही नाही. साहेब आला नाही, झालं.

तर आधी घर बघू. विनायक पांडुरंग करमरकर, जन्म १८९१, गाव सासवणे. मांडव्याहून अलिबागकडे येताना लागतं ते. घर शेतीवाडीचं. वडील शेती करायचे, गाण्या-बजावण्यात रमायचे आणि गणपती करायचे. पोर लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसून माती मळत होतं. भिंतीवरचं चित्र नंतरचं, आधी माती. ज्याने कधी गणपतीच्या कारखान्यात चार दिवस घालवलेत त्याला मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. सोंडेला वळण देताना अंगठा किती दाबायचा, पोट गोल दिसायला बाजूची माती कुठून काढायची, ओली माती वाळल्यावर किती आक्रसते, तडा कुठे जातो, हे पुस्तकात नसतं. दहा-बारा वर्षांचं पोरगं हे हाताने शिकतं आणि त्याला माहीतही नसतं की आपण काही शिकतोय. आपण ज्याला शिल्पकलेचं पहिलं वर्ष म्हणतो ते नानासाहेबांनी सासवण्याच्या ओटीवर पुरं केलं होतं. जे. जे.त ते पाटी कोरी घेऊन गेले नव्हते.

रॉथफिल्डबद्दलही एक सांगतो, कारण त्या माणसावर अन्याय नको. तो काही रुक्ष साहेब नव्हता. त्याने ‘वुमेन ऑफ इंडिया’ नावाचं पुस्तक लिहिलं आणि त्यातली चित्रं काढली होती जे. जे.च्याच एम. व्ही. धुरंधरांनी. म्हणजे चित्र म्हणजे काय हे त्याला कळत होतं. म्हणून देवळाची भिंत बघून तो थांबला. त्या भिंतीवरून त्याच्या आधी कितीतरी मामलेदार, फौजदार, पाहुणे-रावळे गेले असतील, ते नाही थांबले. त्याचं श्रेय त्याला द्या, शंभर टक्के द्या. पण एका जिल्ह्याची कलेची व्यवस्था ‘चित्र कळणारा कलेक्टर फिरतीवर येणे’ यावर चालू शकत नाही, एवढं तरी मान्य कराल ना?

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण इंटरनेटवर आहे सगळं. जे. जे.त शिक्षण झालं. रवींद्रनाथांचे पुतणे सुरेंद्रनाथ टागोर यांच्या आधाराने १९१६ ला कोलकात्याला गेले, तिथे स्टुडिओ थाटला. १९२० ला लंडनला, रॉयल अकॅडमीत. परत आल्यावर कोलकाता, मग मुंबई. माणसांचे पुतळे, अर्धपुतळे हे त्यांचं पोटापाण्याचं काम, आणि त्यात त्यांचा हात धरणारे थोडे. १९६२ ला पद्मश्री. १९६७ ला गेले.

पण एका कामापाशी थांबायलाच हवं. पुण्याला शिवाजीनगरात श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमध्ये महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. साडेतेरा फूट उंच, ब्राँझचा. तो करमरकरांचा. १९२८ साली माझगाव डॉकमध्ये तो एकसंध ओतला गेला. तुकडे ओतून जोडलेला नाही, घोड्यासकट एका ओतकामात. आणि एवढं मोठं ओतकाम करणारा पस्तिशीतला माणूस, गणपती करणाऱ्या घरातला. तो पुतळा आज जवळपास शंभर वर्षं ऊन, पाऊस आणि पुण्याचा धूर खात उभा आहे.

आता दुसरा पुतळा आठवा. मालवणचा राजकोट किल्ला. ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण, २६ ऑगस्ट २०२४ ला पुतळा जमिनीवर. नऊ महिनेही पुरते झाले नव्हते. मग सांगण्यात आलं की वारा जोरात होता. अहो, कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात वारा नसेल तर काय असेल? त्या प्रकरणात कोणाची किती चूक ते कोर्ट बघेल, मला त्यात पडायचं नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. महाराष्ट्रात दर चौकाला पुतळा हवा, दर निवडणुकीला नवा पुतळा हवा, त्यासाठी पैसा आहे, मंत्री आहेत, हेलिकॉप्टर आहे. पण पुतळा करणारा माणूस घडायला पंधरा-वीस वर्षं लागतात, आणि त्या पंधरा-वीस वर्षांसाठी कुठल्याच बजेटात कॉलम नाही.

आणि तो माणूस सगळ्यात सोपा कुठे घडू शकतो? आपल्याच जिल्ह्यात! पेण, हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे. जगभर जिथे मराठी माणूस आहे तिथे पेणचा गणपती जातो. घराघरात कारखाना. बाया, पोरं, म्हातारे सगळे कामाला. साच्यातून मूर्ती काढायची, सांधे घासायचे, सफेदा द्यायचा, रंग मारायचा आणि शेवटी आखणी. आखणी करणारा म्हणजे कारखान्याचा राजा. डोळे उघडायचे काम त्याचं. एक ब्रश, एक श्वास, भुवई ओढली. चुकली तर पुसता येते, पण चांगल्या आखणीवाल्याची चुकत नाही. असली पोरं मी विशीतली पाहिलीत, सिझनला रोज किती जोड डोळे काढत असतील त्याचा हिशोब तेही ठेवत नाहीत. व्यक्तिचित्र काढणाऱ्याला आयुष्यभर जे साधायचं असतं, की डोळ्यात जीव आला पाहिजे, त्याचा असा रियाज जगात फार थोड्या ठिकाणी होत असेल.

मग या पोरांमधून किती व्यक्तिचित्रकार झाले? किती जणांनी आपल्या खाडीची, मिठागरांची, रेवसच्या बंदराची निसर्गचित्रं काढली? काहींनी काढलीत. त्यांना मी ओळखतो, तुम्हीही एखाद्याला ओळखत असाल. पण ते स्वतःच्या हिमतीवर, घरच्यांच्या शिव्या खाऊन. रस्ता असा नाहीच. कारखाना एका बाजूला, कला दुसऱ्या बाजूला, मध्ये खाडी, आणि त्या खाडीवर पूल नाही.

ही खाडी आजची नाही. जे. जे. स्कूल सुरू झालं १८५७ ला. तिथे १८६५ मध्ये वास्तुशिल्प शिकवायला जॉन लॉकवुड किपलिंग आला, लेखक रुडयार्ड किपलिंगचा बाप. हा माणूस मुळात इंग्लंडच्या बर्स्लेम नावाच्या कुंभारकामाच्या गावात, भांड्यांच्या कारखान्यात नक्षी आणि घडणकाम करत होता. म्हणजे तिकडचा कारखान्यातला माणूस इकडे मुंबईत प्रोफेसर झाला. आणि इकडचा कारखान्यातला माणूस? १८७० च्या दशकात जे. जे.त जॉर्ज टेरीने भांडी करायचा विभाग काढला. त्यासाठी सिंधमधले कुंभार आणले. भांड्यांवर अजिंठ्याच्या धर्तीची चित्रं. तिथली वाटणी अशी होती, की चाक कुंभाराने फिरवायचं आणि नक्षी ठरवायची शाळेत शिकणाऱ्यांनी. हात एकाचा आणि डोकं दुसऱ्याचं, हा हिशोब तिथे एकदा पक्का झाला तो झालाच. आजही एकाला आपण ‘कारागीर’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘कलावंत’. पहिल्याला मजुरी, दुसऱ्याला मानधन. शब्दातच सगळं आलं.

आणि जातीचं नाव घेतल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही, राग आला तरी चालेल. करमरकरांच्या घरात माती हौसेने आली होती, अक्षरं आधीपासून होती. देवळाच्या भिंतीवर चित्र काढायला त्या पोराला कोणी अडवलं नाही. त्याच काळात चाकावर मडकी करणारा, आवा लावणारा, पिढ्यान्‌पिढ्या मातीतच असलेला कुंभाराचा पोरगा त्या भिंतीपर्यंत पोचला असता का? यात करमरकरांचा काही दोष नाही. दोष ‘गुणी पोरगं कुठूनही वर येतंच’ असं म्हणणाऱ्यांचा आहे. येत नाही. वर यायला शिडी लागते.

शिडी मिळाली की काय होतं तेही बघा. बंगालात कृष्णनगर म्हणून गाव आहे, मातीच्या बाहुल्यांसाठी प्रसिद्ध. तिथल्या कुंभार घरातले गोपेश्वर पाल, करमरकरांच्याच पिढीचे. १९२४ ला लंडनजवळ वेम्बलीला साम्राज्याचं मोठं प्रदर्शन भरलं, तिथे हा माणूस लोकांसमोर बसून बघता बघता मातीतून आकार उभे करून दाखवत होता. पुढे बेलूर मठातली रामकृष्ण परमहंसांची संगमरवरी मूर्ती त्यांनीच केली. कोलकात्याला त्यांच्या कामाची आठवण कुमारटुलीत, म्हणजे मूर्तिकारांच्याच वस्तीत आहे. तिथे मूर्तिकार आणि शिल्पकार असे दोन वेगळे प्राणी मानत नाहीत.

आणि आपल्याकडचे राम सुतार. धुळे जिल्ह्यातलं गोंदूर गाव, सुताराचं घर. तिथे कलेक्टर आला नव्हता. जोशी नावाचे शिक्षक होते. त्यांनी पोराचा हात ओळखला, शिकवलं, जे. जे.ला पाठवलं. पुढे सरदार पटेलांचा तो जगातला सगळ्यात उंच पुतळा त्याच पोराने केला. मालवणचा पुतळा पडल्यावर नवा करायलाही शेवटी सुतारांकडेच जावं लागलं. कलेक्टर बदलीवर जातो, मास्तर गावात असतो. म्हणून मास्तर महत्त्वाचा.

आता विचारा, आपल्या किनाऱ्यावर तो मास्तर आहे का?

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या परिशिष्टात लिहिलंय की सहावी ते आठवीच्या शाळेत मुलं शंभरच्या वर असतील तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यासाठी अंशकालीन निदेशक. अंशकालीन! तेही शंभरच्या वर. आता मला सांगा, आपल्या किनाऱ्यावरच्या किती जिल्हा परिषदेच्या शाळांच्या वरच्या वर्गात शंभर मुलं आहेत? निम्मं गाव मुंबईला, उरलेल्यांची पोरं इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या बसमध्ये. म्हणजे कायद्यानेच ठरवून टाकलं की लहान गावातल्या पोराला चित्रकलेचा शिक्षक मिळायचं कारण नाही. हायस्कुलातही तेच. जुने चित्रकलेचे सर रिटायर झाले की ती जागा कुठे जाते ते संस्थाचालकांना विचारा. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा अजून चालू आहेत, पण बऱ्याच घरांत त्या दिल्या जातात दहावीला वाढीव मार्क मिळतात म्हणून. मार्क मिळाले की रंगपेटी माळ्यावर.

समजा एवढं सगळं ओलांडून हमरापूरचं एखादं पोरगं बारावी झालं आणि म्हणालं, मला आर्ट कॉलेजला जायचंय. राज्याची बीएफएची सीईटी आहे. वस्तूचं चित्र काढा, आठवणीतलं चित्र काढा, डिझाइन करा, सामान्य ज्ञानाचे प्रश्न सोडवा. ठीक आहे, चित्र आलंच पाहिजे. पण ज्याचं सगळं शहाणपण बोटांच्या टोकाला आहे त्याच्या हातात तुम्ही परीक्षेत मातीचा गोळा देतच नाही! शहरातल्या क्लासमध्ये हजारो रुपये भरून तयारी केलेल्या पोरासमोर तो तिथेच गारद. आणि मांडव्याहून बोटीत बसलं तर जे. जे. स्कूल आहे तासा-दीड तासावर. नकाशावर एवढं जवळ.

मग हे पोरगं सरकारला दिसतं कधी? पीओपीचा वाद पेटला की दिसतं. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या नियमावलीने पीओपीला मनाई केली. जानेवारी २०२५ मध्ये हायकोर्टाने सांगितलं, काटेकोर अंमल करा. जूनमध्ये मूर्ती करायला परवानगी, पण नदी-समुद्रात विसर्जन नको. जुलैत सहा फुटांचा निकष, लहान मूर्ती कृत्रिम तलावात आणि मोठ्यांना त्या वर्षापुरती सूट. त्याच जुलैत गणेशोत्सव राज्य महोत्सव म्हणून जाहीर. या सगळ्या काळात पेणचा मूर्तिकार टीव्हीवर दोनच रूपांत दिसला. एकतर समुद्र घाण करणारा, नाहीतर ज्याच्या पोटावर पाय येतोय तो बिचारा. त्याच्याकडे एक विद्या आहे, आणि शाडू, साचा, पीओपी याच्या पलीकडे ती विद्या कुठे जाऊ शकते, हा प्रश्न कुठल्या पॅनेलवर ऐकलात? मी तरी नाही ऐकला. पर्यावरणाचा मुद्दा खरा आहे, मी पीओपीची बाजू घेत नाहीये. पण शाडूवर परत या म्हणताना हेही सांगा की साच्यातून धडाधड मूर्ती काढायची सवय लागलेल्या तरुण पोरांना हाताने घडवायला शिकवणार कोण, आणि ते शिकताना त्यांच्या घरी चूल कशी पेटणार.

‘अहो पण कलाकार होऊन खाणार काय?’ हा प्रश्न येणार, मला माहितीये. कारखान्यात चार पैसे तरी मिळतात, पोरांना कशाला भलत्या नादाला लावता? एकतर कारखाना सोडा असं मी म्हणतच नाही. गणपती घडवणं ही कमी प्रतीची कला आहे असं तर अजिबात म्हणत नाही. आखणीवाल्याला हवं असेल तर आयुष्यभर आखणी करेल, मानाने करेल. पण ज्याला पुढे जायचंय त्याला दार असावं. आणि खाण्याचं म्हणाल तर राज्यात पुतळ्यांची, भित्तिचित्रांची, म्युरलची, सिनेमाच्या सेटची कामं काय थोडी निघतात? ती कामं जातातच कोणाकडे तरी. मालवणला काय झालं ते बघून तरी कळायला हवं, की हाताला वळण नसलेल्याकडून काम करून घेणं शेवटी किती महाग पडतं.

सासवण्याला नानासाहेबांच्या घरी एकदा जा. सरकारने बांधलेलं म्युझियम नाही ते. त्यांचं राहतं घर, घरच्यांनी जपलेलं. दीडशेच्या आसपास शिल्पं आहेत. ‘शंखध्वनी’ आहे, आपल्या कोळणी आहेत, म्हशी आहेत. कितीतरी कामं साध्या सिमेंटमध्ये केलेली. संगमरवर आणि ब्राँझ गिऱ्हाईकाच्या पैशाने, सिमेंट स्वतःच्या मनासाठी. त्यात त्यांनी काय मजा केलीये ते बघाच. पण समुद्र हाकेवर, खारी हवा, चार महिने धो धो पाऊस. सिमेंट आणि प्लास्टर अशा हवेत कायमचं टिकत नाही. एका कुटुंबाने किती वर्षं ओझं वाहायचं? त्याच रस्त्याने रो-रोतून उतरलेल्या गाड्या दर शनिवारी भरभरून जातात, बंगल्यांच्या भिंतीला लाखालाखाची पेंटिंग लागतात, आणि आपल्या गावच्या माणसाचं काम बघायला आपल्याच शाळांची सहल येत नाही. सहल जाते वॉटर पार्कला.

मागणी फार मोठी नाहीये. जिल्हा नियोजन समितीच्या आराखड्यात तीन गोष्टी घाला. सासवण्याच्या संग्रहाच्या जतनासाठी कुटुंबाला विचारून कायमची तरतूद. पेण-हमरापूर भागातल्या जाणत्या मूर्तिकारांना शाळांत आठवड्यातून दोन तास शिकवायला नेमणं, शंभर पटाची अट न बघता, डिग्री न विचारता आणि मानधन वेळेवर देऊन. आणि मातीकाम येणाऱ्या पोरांसाठी कला महाविद्यालयाच्या प्रवेशाची तयारी जिल्ह्यातच, फुकट. सीईटीत मातीकामाचा पर्याय द्यायचं काम राज्याचं, ते आमदारसाहेबांनी अधिवेशनात विचारावं. पक्ष कुठलाही असो. पुतळ्याच्या अनावरणाला सगळे एकत्र दिसतात, तसे याला दिसा.

तुमच्या गावच्या शाळेत चित्रकलेचे शिक्षक आहेत का, नसतील तर किती वर्षांपासून नाहीत, ते गावाच्या नावासकट कमेंटमध्ये लिहा. अलिबाग, पेण, मुरूड, श्रीवर्धन, उरण, सगळीकडचे लिहा. शिक्षकांनी स्वतःचं नाव टाकायची गरज नाही, इनबॉक्स केलंत तरी चालेल. यादी झाली की प्रिंट काढून जिल्हा परिषदेत नेऊन देतो आणि पोच घेतल्याचा फोटो इथेच टाकतो.